रात्री कोण उठतं?

प्रश्न एका तरुण सिस्टरचा आहे. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झाल्यावर तिने दीड वर्ष वॉर्ड केला आणि आता तीन महिने कोल्हापुरात घरभेटींचं काम करते. लकवा, कॅन्सर, स्मृतिभ्रंश असे सगळं जागेवरच असलेले पेशंट. ती लिहिते, "पेशंटपेक्षा त्यांचं करणारी बाईच जास्त खचलेली दिसते. निघताना मी 'स्वतःची पण काळजी घ्या' म्हणते, ती हसते आणि मी पुढच्या घरी जाते. शिकताना ओरेम, रॉय, नर्सिंगचे सिद्धांत मांडणाऱ्या सगळ्यांचे सिद्धांत पाठ केले होते. त्यांचा या बाईसाठी काही उपयोग आहे का, की ते पेपरापुरतेच?"

उपयोग आहे, पण सगळ्यांचा सारखा नाही. मी एकतीस वर्षं नर्सिंग केलं, त्यातली शेवटची बारा घरोघरी फिरण्यात गेली. त्या बारा वर्षांत मला रोजच्या रोज लागली ती ओरेम. मेलिस आणि मिशेल अडीनडीला लागल्या. रॉय आणि न्यूमन परीक्षेसाठी नीट वाच, मार्क चांगले पडतात.

आधी एक शब्दाची गोष्ट. पुस्तकात 'काळजीवाहक' लिहिलेलं असतं. कोल्हापुरातल्या एकाही घरात मी कुणाला स्वतःबद्दल तो शब्द वापरताना ऐकलं नाही. बाई म्हणते, "मामंजींचं मी करतो." (आमच्याकडे बायकाही 'करतो' म्हणतात, हे तुला सांगायला नको.) त्यामुळे "काळजी कोण घेतं?" असं विचारलंस की पुढच्या खोलीतले सगळे एका सुरात सांगणार, "आम्ही सगळेच बघतो की." ते खोटं बोलत नसतात. बघतात सगळेच, करतं एकच माणूस. ते माणूस शोधायचं तर विचारायचं, "रात्री कोण उठतं?" मग सगळ्यांच्या माना आपोआप स्वयंपाकघराच्या दाराकडे वळतात.

आता ओरेम. डोरोथिया ओरेमचं मूळ पुस्तक १९७१ चं. एरवी माणूस स्वतःचं स्वतः करतो. आजारात गरज वाढते, ताकद घटते आणि मध्ये जी तूट पडते ती भरायला नर्स येते, एवढं तुला पाठ असेलच. पण त्याच सिद्धांतात 'डिपेंडंट केअर' नावाचा भाग आहे, तो वर्गात घाईघाईत उरकतात. ज्याला स्वतःचं करता येत नाही त्याचं घरातलं दुसरं माणूस करतं, आणि तसं करायलाही ताकद लागते, तीही तपासायची असते. म्हणजे एका बाईच्या नावावर दोन खाती असतात, सासऱ्यांचं आणि स्वतःचं. झोप एक, पाठ एक, दिवसाचे तास तेवढेच. सासऱ्यांच्या खात्यात जे जमा होतं ते तिच्या खात्यातून वजा झालेलं असतं. आपण भेटीला जातो, सासऱ्यांचं खातं बघतो, "छान ठेवलंय हं तुम्ही" म्हणतो आणि उठतो.

"स्वतःची काळजी घ्या" हे वाक्य या हिशेबात बसतच नाही. त्याने तिच्यावरची मागणी कमी होत नाही आणि तिची ताकदही वाढत नाही. तिच्या यादीत आणखी एक न झालेलं काम तेवढं चढतं.

एक घर सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत. शिवाजी पेठेतलं माडीचं जुनं घर. सासरे कॉटवर, उजवी बाजू गेलेली, बोलणं गेलेलं, नाकातून नळी. सून पंचेचाळिशीची. तिने शंभर पानी वहीत सगळं लिहून ठेवलं होतं: किती वाजता किती दूध, पिशवीत लघवी किती, कूस कधी बदलली. आमच्या वॉर्डात एखाद्या मुलीने असा चार्ट ठेवला असता तर मी पेढे वाटले असते. मी वही मिटली आणि म्हटलं, "आता तुमचं सांगा." तर, "मला काय धाड भरलीय?"

मग ओरेमने सांगितलेल्या आठ सार्वत्रिक गरजा मी तिलाच लावल्या. हवा, पाणी, अन्न, मलमूत्र विसर्जन, हालचाल आणि विश्रांतीचा मेळ, एकांत आणि माणसांचा मेळ, धोक्यापासून बचाव, आणि शेवटची 'नॉर्मल' असणं. फॉर्म काढला नाही, गप्पांत एकेक विचारलं. संध्याकाळी सहानंतर ती पाणी पीत नव्हती, कारण संडास खाली परसात आणि रात्री जिना उतरायचा म्हणजे सासरे एकटे. त्यामुळे कितीतरी दिवस लघवीला जळजळ. ती कुणाला सांगितलेली नाही, कारण कुणी विचारलेलं नाही. जेवण ओट्यापाशी उभ्याने. झोप दीड-दोन तासांच्या तुकड्यांत. एकांत म्हणाल तर न्हाणीघर, घरात आतून कडी असलेली तेवढी एकच जागा. माहेर कागलला, अर्ध्या-पाऊण तासावर. सात महिने गेली नव्हती. भिशी सोडली होती. शुक्रवारी अंबाबाईला जायची, तेही सुटलं होतं. आणि फ्रिजवर, लोणच्याच्या बरणीमागे, तिच्या स्वतःच्या बीपीच्या गोळ्यांची स्ट्रिप. पंधरातल्या नऊ शिल्लक, वर धुळीचा थर. मी बीपी घेतलं तर १७०/१००.

वही अप्रतिम होती, बाई धोक्यात होती. सासऱ्यांचे व्हायटल्स (नाडी, ताप, बीपी) घेऊन मी निघाले असते तर मला ते कधीच कळलं नसतं.

उपाय काय केला ते ऐक, कारण तो कुठल्या पुस्तकात सापडणार नाही. सासऱ्यांसाठी आणलेली कमोडची खुर्ची तशीच पडून होती. ती माडीवरच पडद्याआड ठेवली, रात्री तिच्यासाठी. तिला आधी फार लाज वाटली, "शी, मी काय आजारी आहे?" पंधरा दिवसांनी गेले तर उशाशी पाण्याचा तांब्या होता. डॉक्टरांकडे पाठवलं, लघवी तपासली, बीपीची गोळी पुन्हा सुरू झाली आणि ती सासऱ्यांच्या सकाळच्या औषधांच्या डबीतच ठेवायची असं ठरलं. त्यांचं औषध ती कधीच चुकवत नव्हती ना! कॉटच्या पायांखाली विटा घालून उंची वाढवली, म्हणजे कंबरेतून वाकणं कमी. जुनं लुगडं चौघडी करून सासऱ्यांच्या खाली आडवं अंथरलं आणि त्याच्या कडा धरून कूस बदलायला शिकवलं. एकटीने काखेत हात घालून उचलायचं नाही, हे तिच्या नवऱ्यासमोर बजावलं. मागणी कमी करणं म्हणजे हे. कंटाळवाणी कामं आहेत सगळी.

ओरेम आणखी एक बारीक भेद करते. माणसाला जमत नाही तेव्हा अडचण तीन ठिकाणी असू शकते: कळत नाही, ठरवता येत नाही, प्रत्यक्ष करता येत नाही. आपल्याला शिकवायची इतकी खोड असते की प्रत्येक अडचण आपल्याला पहिल्याच जातीची वाटते. लगेच तक्ता काढून समजावायला बसतो.

माझी स्वतःची चूक सांगते. मी वॉर्डात होते तेव्हाची, कुठल्या ते राहू दे. डिस्चार्जच्या दिवशी नळीने कसं भरवायचं ते मी दहा मिनिटांत शिकवलं, कुणाला, तर पेशंटच्या मुलाला, कारण फायलीवर सही त्याची होती. तो "हो सिस्टर, हो सिस्टर" करत होता आणि त्याचं निम्मं लक्ष बिलाच्या काउंटरकडे होतं. घरी भरवणार होती त्याची बायको. ती त्या वेळी खाली रिक्षात सामान लावत होती. चौथ्या दिवशी पेशंट परत, ताप आणि धाप. तिने आडवं झोपवूनच दूध सोडलं होतं. डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश उचललेली हवी आणि भरवून झाल्यावरही अर्धा-पाऊण तास तशीच ठेवायची, हे तिच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. सगळे तिला बोलत होते. मीही गप्प बसले, ते आजही टोचतं.

तेव्हापासून ओरेमच्या तीन नर्सिंग पद्धती मी शिकवण्याच्या पायऱ्या म्हणून वापरते. पहिल्यांदा मी करणार, ती बघणार. दुसऱ्यांदा दोघी मिळून. तिसऱ्यांदा ती करणार आणि मी हात मागे बांधून उभी राहणार. हात बांधणं सर्वांत अवघड जातं, करून बघ. आणि शिकवायचं ते रात्री उठणाऱ्या माणसाला.

पण ओरेमला एक मर्यादा आहे. तिच्या सिद्धांतातला माणूस स्वतःचे निर्णय स्वतः घेणारा आहे. आपल्या घरांत करणारी एक, पैसे देणारा दुसरा आणि ठरवणारा तिसरा, तोही बहुतेक पुण्यात, फोनवर. "एअर बेड कशाला? आई उगाच घाबरते." या घरात सुनेला कळतंही आणि करताही येतं, ठरवता येत नाही. तिथे तिला आणखी प्रशिक्षण देणं म्हणजे जखम डाव्या पायाला आणि ड्रेसिंग उजव्या पायाला. तिथे फोन स्पीकरवर टाकून पुण्याच्या दादांशी बोलावं लागतं. "दर दोन तासांनी कूस बदलायची, म्हणजे चोवीस तासांत बारा वेळा. त्यातल्या रात्रीच्या चार वेळा कोण करणार, तेवढं ठरवून सांगा." आकडा ऐकला की माणसं गप्प होतात, मग हळूहळू बोलायला लागतात. "तिला मदत करा" या वाक्यातून आजवर काहीही निघालेलं मी पाहिलं नाही. "मंगळवार आणि शनिवारची रात्र तुमची" यातून निघतं. लांबचा माणूसही उपयोगी पडतो: औषधांची ऑर्डर, बिलं, आणि रोज संध्याकाळी सात वाजता वडिलांना व्हिडिओ कॉल. त्या वीस मिनिटांत सून गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येते.

गल्लीवरून आठवलं, बघायला येणारे. शहाळी आणि सफरचंदं घेऊन येतात आणि बसतात. एका दुपारी मी मोजले, त्या बाईने चौदा कप चहा केला. प्रत्येक कपासोबत एक सल्ला आला: अमुक गावात तेल देतात, आमच्या मेहुण्याला महिन्यात चालता केला, नळी काढून टाका ताकद येईल. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने १८५९ च्या 'नोट्स ऑन नर्सिंग'मध्ये अशा फुकट दिलाशांवर आणि सल्ल्यांवर एक अख्खं प्रकरण लिहिलं आहे. वाचलंस तर तिने इथे मंगळवार पेठेत बसून लिहिल्यासारखं वाटेल. आणि ते पुस्तक मुळात आपल्यासाठी नाहीच. प्रस्तावनेतच ती सांगते की नर्सना नर्सिंग शिकवायचं हे पुस्तक नव्हे. ज्या बायकांवर घरातल्या कुणाच्या तब्येतीची जबाबदारी आहे त्यांच्यासाठी या सूचना आहेत. म्हणजे आपल्या विद्येतलं पहिलं नावाजलेलं पुस्तक घरी करणाऱ्या बाईला उद्देशून आहे. आपण मात्र तिला 'रिलेटिव्ह' म्हणून व्हिजिटिंग अवर्स सांगतो.

मी दारावर पाटी लावायला सांगते: भेट संध्याकाळी पाच ते सहा, चहा नाही. डॉक्टरांचं नाव पुढे करायचं, म्हणजे सुनेवर वाईटपणा येत नाही.

त्याच पुस्तकात नाइटिंगेलचं दुसरं एक म्हणणं आहे, मी असताना जे होतं ते मी नसतानाही व्हावं अशी व्यवस्था करणं. वॉर्डात आपण ड्यूटी संपताना ओव्हर देतो, म्हणजे पुढच्या सिस्टरला पेशंटचं सगळं सांगून सोपवतो. घरातली बाई कुणाला ओव्हर देते? सगळं तिच्या डोक्यात असतं, म्हणून ती दोन तासही हलू शकत नाही. तिला एका कागदावर ओव्हर लिहायला लाव, कपाटावर चिकटव, आणि ती घरात असतानाच दुसऱ्याला तो वाचून एकदा करायला लाव. पूर येतो त्या भागात तर हे पावसाळ्याआधीच कर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा चढली, वीज गेली आणि एका घरात विजेवर फुगणारा एअर बेड सपाट होऊन बसला तेव्हा आम्हाला कळलं की बिनविजेचा पर्याय कुणालाच सांगितलेला नाही. आजोबांना कोण उचलणार, कशावर घालून नेणार, नळी आणि औषधं कुठल्या पिशवीत, हे चार ओळींत लिहिता येतं.

मिशेलचं थोडक्यात सांगते. मर्ल मिशेलचा आजारातल्या अनिश्चिततेचा सिद्धांत १९८८ चा. घरचे विचारतात, "कधी बरे होतील?" आणि डॉक्टर एक, फिजिओथेरपिस्ट दुसरं, तेलवाला तिसरं सांगतो. मिशेल म्हणते की माहितीत मेळ नसला की अनिश्चितता वाढते आणि विश्वासाचं एक माणूस ती कमी करू शकतं. तू ते माणूस हो. तारीख सांगू नकोस. काय नेहमीचं आणि काय लगेच कळवायचं, एवढे दोन भाग करून दे. थकवा, चिडचिड, रडू येणं हे लकव्यानंतर दिसतं. ताप, श्वास लागणं, नाकातल्या नळीवरची खूण जागेवरून सरकणं, माकडहाडावर लाल डाग, नव्याने तोंड वाकडं होणं, यातलं काहीही दिसलं तर वाट बघायची नाही. "माहीत नाही" असलेल्या गोष्टींची यादी आखूड झाली की बाई झोपते, हे मी पाहिलंय.

पुरुष करणारे कमी भेटतात, पण भेटतात. एक आजोबा, जन्म तालमीत गेलेला, बायकोला स्मृतिभ्रंश. उचलणं-बसवणं त्यांना शिकवावं लागलं नाही, मलाच त्यांच्याकडून पायांची ठेवण शिकता आली. अडलं होतं ते वेणीपाशी. ती केस मोकळे ठेवून हिंडायची आणि त्यांना ते बघवायचं नाही. मी तीन पेड घालायला शिकवले, जाड सुतळीवर सराव करून. गल्ली त्यांचं कौतुक करताना थकत नव्हती. बरोबरच आहे, पण त्याच गल्लीत पाच वर्षं सासूचं करणारीला "करायलाच पाहिजे की" याखेरीज कुणी काही म्हटलेलं नव्हतं.

ताण मोजायला झॅरिटची प्रश्नावली आहे, बावीस प्रश्न, एकूण ८८ गुण. चांगली आहे, पण सासू शेजारी बसलेली असताना भरून घेतलीस तर सगळीकडे शून्य येईल. खरं उत्तर मिळतं ते निघताना, दाराबाहेर चपला घालताना. मी मुद्दाम म्हणायचे, "जरा रस्त्यापर्यंत सोडा मला." त्या तीस पावलांत मी ऐकलंय, "सिस्टर, काल मी त्यांच्यावर हात उचलला." ऐकून दचकू नकोस आणि व्याख्यानही देऊ नकोस. तूट फार मोठी झाल्याची ती खूण आहे. त्याच दिवशी कुणी दुसरं माणूस रात्री उभं करायचं आणि दोघांचीही सुरक्षितता बघायची. "सगळं संपवून टाकावंसं वाटतं" असं ऐकलंस तर तिला एकटी सोडायची नाही, घरच्या एका विश्वासाच्या माणसाला तिथेच बोलवायचं, डॉक्टरांना कळवायचं. टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. ज्येष्ठांच्या प्रश्नांसाठी एल्डरलाइन १४५६७. दोन्ही नंबर तिच्या मोबाइलमध्ये तू स्वतः सेव्ह करून दे.

शेवटी अफाफ मेलिस. जन्म इजिप्तमधला, काम अमेरिकेत. तिचा सिद्धांत संक्रमणाचा आहे. सून होती ती अचानक नर्स झाली. ही उडी एका दिवसात पडत नाही आणि मध्ये ठेचा लागण्याच्या ठरलेल्या जागा असतात. माझ्या अनुभवात त्या अशा: डिस्चार्जनंतरची पहिली रात्र, ब्यूरोकडून आलेली मावशी सोडून जाते तो दिवस, आणि तीन-चार महिन्यांनी "बोलणं आता परत येणार नाही" हे उमगतं तो. त्या जागी आधीच भेट ठरव. मेलिस असंही सांगते की नवी भूमिका कळायला ती आधी निभावलेलं माणूस समोर असावं लागतं. म्हणून मी दोन बायकांची, दोघींना विचारून, फोनवर गाठ घालून द्यायचे. कसबा बावड्याची एक आणि उचगावची एक, पहिल्याच दिवशी पन्नास मिनिटं बोलल्या. काय बोलल्या ते मी विचारलं नाही.

आणि एक संक्रमण आपण हमखास विसरतो. पेशंट गेला की आपली फाइल बंद होते. शिवाजी पेठेतले ते सासरे दीड वर्षाने गेले. मी तेराव्यानंतर आठवड्याभराने गेले, बॅग न घेता. कॉट उभी करून भिंतीला लावली होती. ती म्हणाली, "दोनच्या ठोक्याला अजून जाग येतो बघा. उठून बसतो. मग काय करायचं कळत नाही." नणंदा म्हणत होत्या, "सुटलीस बाई", आणि त्या शब्दाचा तिला राग येत होता, कारण तो थोडासा खरा होता. आम्ही दोघींनी वही चाळली. शेवटच्या पानावर पहाटे चारची नोंद होती, पुढची पानं कोरी. महिन्याभराने मी परत गेले, तोवर ती कागलला चार दिवस राहून आली होती.

अशा भेटीला रजिस्टरमध्ये रकाना नाही. मी 'बीपी तपासणी' म्हणून लिहायचे, आणि खरोखरच घ्यायचे.